झोपेत अडणारा श्वास आणि दिव्यांगत्वाची मोजपट्टी

प्रति,
मा. केंद्रीय सामाजिक न्याय व सक्षमीकरण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

प्रत : मा. मंत्री, दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई

विषय : स्लीप अ‍ॅप्नियासारख्या दीर्घकालीन आजारांवरील उपचार आणि दिव्यांगत्वाचे मूल्यमापन

महोदय,



दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून अमलात आला, तेव्हा 1995 च्या कायद्यातील सात प्रकारांची यादी एकवीस प्रकारांपर्यंत वाढली आणि थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस अशा जन्मभर सोबत राहणाऱ्या आजारांना त्या यादीत प्रथमच जागा मिळाली. हात, पाय, डोळे आणि कान यांच्यापलीकडेही माणसाला काम करण्यापासून रोखणारे काही असू शकते, हे संसदेने या कायद्याद्वारे मान्य केले. तथापि ही मान्यता एका अनुसूचीपाशी येऊन थांबली असून हृदय, फुफ्फुस, मूत्रपिंड किंवा झोप यांच्या दीर्घकालीन विकारांनी ज्यांची उमेद आणि कमाई दोन्ही खालावली आहे, अशी माणसे दिव्यांगत्वाच्या दाखल्याच्या रांगेत उभीच राहू शकत नाहीत. प्रस्तुत पत्र त्यांच्या संदर्भात असून त्यासाठी स्लीप अ‍ॅप्निया या आजाराचे उदाहरण मुद्दाम निवडले आहे. कारण हा आजार अतिशय सर्रास आढळणारा आहे, त्यावर उपचार उपलब्ध आहेत, आणि तरीही त्याचा परिणाम मोजण्याचे कोणतेही साधन दिव्यांगत्वाच्या आजच्या मूल्यमापनात नाही.

स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत पुनःपुन्हा श्वास अडणे. जागेपणी घशाच्या स्नायूंना जो ताण असतो तो झोपेत सैल होतो, जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागे सरकतो, आणि ज्यांचा श्वसनमार्ग मुळात अरुंद आहे त्यांच्या बाबतीत तो पूर्णपणे किंवा अंशतः मिटतो. छाती श्वास ओढण्याची धडपड करीत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण उतरते, मेंदूला धोक्याची सूचना मिळते, माणूस क्षणभर जागा होऊन मोठ्याने श्वास घेतो आणि पुन्हा झोपी जातो. सकाळी त्याला यातले काहीच आठवत नाही. आठवते ते शेजारी झोपणाऱ्या माणसाला. असा खंड निदान दहा सेकंदांचा असला तर त्याला अ‍ॅप्निया म्हणतात, हवेचा प्रवाह पूर्ण न थांबता लक्षणीय घटला तर हायपॉप्निया, आणि झोपेच्या एका तासात अशा दोन्ही घटना मिळून किती घडतात त्या संख्येला अ‍ॅप्निया-हायपॉप्निया निर्देशांक असे नाव आहे. हा निर्देशांक 5 ते 15 असला तर आजार सौम्य, 15 ते 30 असला तर मध्यम आणि 30 च्या वर गेला तर तीव्र समजला जातो. तीव्र आजाराच्या रुग्णाची झोप सरासरीने दर दोन मिनिटांनी किंवा त्याहूनही लवकर मोडत असते, त्यामुळे आठ तास अंथरुणात काढूनही तो थकलेलाच उठतो. सकाळची डोकेदुखी, दिवसा अनावर येणारी झोप, विसराळूपणा, चिडचिड ही त्याची रोजची लक्षणे होत, आणि औषधांना दाद न देणारा उच्च रक्तदाब, हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता व मधुमेह यांच्याशी या आजाराचा निकटचा संबंध आहे.

हा आजार केवळ श्रीमंत किंवा लठ्ठ माणसांचा आहे, ही समजूत आकड्यांना धरून नाही. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 35 ते 65 वयोगटातील पुरुषांचा जो अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध केला, त्यात झोपेतील श्वसनविकाराचे प्रमाण 19.5 टक्के आणि दिवसाच्या अतिनिद्रेसह आढळणाऱ्या आजाराचे प्रमाण 7.5 टक्के असल्याचा अंदाज मांडला होता. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी देशातील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण 2023 मध्ये प्रसिद्ध केले, त्यानुसार सुमारे 11 टक्के प्रौढ भारतीयांना, म्हणजे जवळपास 10.4 कोटी लोकांना, हा विकार असून त्यांपैकी 4.7 कोटींचा आजार मध्यम किंवा तीव्र आहे. जबड्याच्या ठेवणीमुळे आशियाई लोकांमध्ये तो तुलनेने कमी वजनातही उद्भवतो, आणि स्त्रियांमध्ये घोरण्याऐवजी थकवा व निद्रानाश हीच लक्षणे पुढे येत असल्याने त्यांचे निदान अनेकदा नैराश्य किंवा रजोनिवृत्तीचा त्रास असे होऊन बसते. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे 15 फेब्रुवारी 2022 रोजी मुंबईत निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणांत या आजाराचे नाव होते, आणि त्या निमित्ताने ते काही दिवस वृत्तपत्रांतून गाजले. शासकीय धोरणात मात्र ते उमटले नाही.

उपचारांचा इतिहास पाहिला तर 1981 पर्यंत तीव्र आजारावर श्वासनलिकेला बाहेरून छिद्र पाडणे हाच खात्रीचा उपाय होता. त्या वर्षी सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाकावाटे सतत हलक्या दाबाची हवा सोडून घसा उघडा ठेवण्याची पद्धत ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. सीपॅप या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे, रुग्णांच्या बोलण्यात नुसते ‘मशीन’ असलेले हे यंत्र आजही उपचाराचा मुख्य आधार आहे. वजन घटवणे, कुशीवर झोपणे, खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी दातांवरची पट्टी आणि निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया हे त्याचे पूरक किंवा पर्यायी मार्ग होत. लठ्ठपणासोबत हा आजार असलेल्या प्रौढांसाठी टिर्झेपेटाइड या औषधाला अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर 2024 मध्ये मान्यता दिली. म्हणजे उपायांची वानवा नाही; वानवा आहे ती ते परवडण्याची आणि पेलण्याची. एका रात्रीची झोपतपासणी, म्हणजे मेंदूचे तरंग, श्वास, प्राणवायू आणि हृदयाचे ठोके यांची एकत्र नोंद घेणारी पॉलिसोम्नोग्राफी, प्रामुख्याने मोठ्या शहरांतच होते. यंत्राला हजारो रुपये मोजावे लागतात आणि मास्क, नळी व गाळण्या पुनःपुन्हा बदलाव्या लागतात. शिवाय यंत्र विजेवर चालते, त्यामुळे जिथे रात्रीची वीज बेभरवशाची आहे तिथे उपचारही बेभरवशाचा होतो. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या लाभार्थ्याला या यंत्राचा खर्च ठरावीक मर्यादेत परत मिळू शकतो, परंतु रिक्षाचालकाला, शेतमजुराला किंवा खासगी पहारेकऱ्याला अशी सोय नाही.

यंत्र मिळाले तरी प्रश्न संपतोच असे नाही. सीपॅपची सेव्ह या नावाने ओळखली जाणारी मोठी चाचणी सात देशांत झाली, तीत भारतही होता आणि तिचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. सहभागी रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी 3.3 तासच वापरले आणि हृदयविकार किंवा पक्षाघाताच्या घटनांत अपेक्षित घट दिसली नाही; परंतु दिवसाची झोप, मनःस्थिती, जीवनमान आणि कामावरची हजेरी यांत मात्र सुधारणा दिसून आली. या निष्कर्षाचे दोन अर्थ धोरणकर्त्यांनी लक्षात घेतले पाहिजेत : पहिला, उपचाराचा सर्वात ठळक लाभ माणसाच्या काम करण्याच्या क्षमतेलाच होतो, दुसरा, यंत्र हाती देणे आणि ते रोज रात्रभर वापरता येणे यांत मोठे अंतर असते. त्यातही काही रुग्णांची अतिनिद्रा यंत्र नियमित वापरूनही टिकून राहते, आणि ज्यांना स्लीप अ‍ॅप्नियासोबत मधुमेह, सांधेवात, दमा किंवा हृदयाची दुर्बलता आहे, त्यांच्या बाबतीत प्रत्येक आजार दुसऱ्याचा उपचार अवघड करतो. गुडघे दुखतात म्हणून चालणे होत नाही, चालणे होत नाही म्हणून वजन उतरत नाही, वजन उतरत नाही म्हणून श्वास अडतो आणि झोप मोडल्यामुळे साखर व रक्तदाब आटोक्यात राहत नाहीत.

असे अनेक आजार एकत्र जडलेल्या माणसासमोरच कायद्याची मोजपट्टी तोकडी पडते. अधिनियमाच्या कलम 2 मध्ये दिव्यांग व्यक्तीची जी मूळ व्याख्या आहे ती उदार आहे : शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनविषयक दीर्घकालीन क्षीणतेमुळे आणि भोवतालच्या अडथळ्यांमुळे ज्या व्यक्तीला समाजात इतरांच्या बरोबरीने सहभागी होता येत नाही, ती दिव्यांग होय. या व्याख्येत आजारांची यादी नाही आणि टक्केवारीही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्कांविषयीच्या ज्या करारनाम्याला भारताने 2007 मध्ये संमती दिली, त्याचाच तो आशय आहे. परंतु आरक्षण, निवृत्तिवेतन, साहाय्यक उपकरणे अशा बहुतेक प्रत्यक्ष लाभांसाठी कायद्याची दुसरी संज्ञा लागू होते, ती म्हणजे लक्षणीय दिव्यांगत्व. तिच्यासाठी अनुसूचीतील विशिष्ट प्रकार आणि किमान 40 टक्के असे दोन्ही निकष पार करावे लागतात. सिव्हिल हॉस्पिटलातील दाखला देणाऱ्या वैद्यकीय मंडळाकडे झोपेच्या विकाराचे अहवाल घेऊन गेलेल्या माणसाला दाखला नाकारला जातो, तेव्हा डॉक्टर निर्दय असतात असे नव्हे. त्यांच्या हातातील मार्गदर्शक सूचनांत त्या आजाराचा रकानाच नसतो.

एकाहून अधिक प्रकारच्या दिव्यांगत्वाची बेरीज करण्याचे सूत्र या मार्गदर्शक सूचनांत दिलेले आहे. त्यानुसार जास्त असलेली टक्केवारी तशीच ठेवायची, ती नव्वदमधून वजा करून उरलेल्या संख्येला नव्वदने भागायचे, त्या प्रमाणात कमी टक्केवारी घ्यायची आणि ती पहिलीत मिळवायची. म्हणजे एक प्रकार 30 टक्के आणि दुसरा 20 टक्के असेल तर एकूण 43 टक्क्यांच्या थोडे वर भरते आणि ती व्यक्ती लाभास पात्र ठरते. आता ज्याचे अस्थिव्यंगत्व 30 टक्के आहे आणि ज्याला तीव्र स्लीप अ‍ॅप्निया व हृदयाची दुर्बलताही आहे, त्याचा विचार केला तर या सूत्रात त्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आजाराची किंमत शून्य धरली जाते आणि त्याच्या हाती 30 टक्क्यांचा, म्हणजे बहुतेक योजनांच्या दृष्टीने निरुपयोगी, दाखला पडतो. प्रत्यक्षात त्याची दिवसभर काम करण्याची शक्ती 43 टक्क्यांच्या दाखलाधारकापेक्षा कितीतरी कमी असू शकते.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाची भूमिका स्पष्ट आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक मागणाऱ्या, हाताच्या विकाराने ग्रासलेल्या उमेदवाराच्या प्रकरणात 11 फेब्रुवारी 2021 रोजी निकाल देताना न्यायालयाने म्हटले की, लक्षणीय दिव्यांगत्वाची अट प्रत्येक हक्काला लावता येणार नाही. जी व्यक्ती मूळ व्याख्येत बसते, तिला वाजवी समायोजन, म्हणजे इतरांच्या बरोबरीने काम करता यावे म्हणून अवाजवी भार न पडता करून द्यावयाचे आवश्यक बदल, मागण्याचा अधिकार आहे. त्या निकालानंतर 40 टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असलेल्या आणि लिहिण्यास अडचण येणाऱ्या परीक्षार्थींसाठी आपल्याच मंत्रालयाने 10 ऑगस्ट 2022 रोजी स्वतंत्र सूचना काढल्या. वैद्यकीय प्रवेशांच्या प्रकरणांत 2024 मध्ये न्यायालयाने पुन्हा सांगितले की, केवळ टक्केवारीचा आकडा पाहून कोणाला अपात्र ठरवता येणार नाही, त्या व्यक्तीची प्रत्यक्ष कार्यक्षमता तपासली पाहिजे. परीक्षेच्या दालनात मान्य झालेले हे तत्त्व कारखाना, कार्यालय आणि बस आगार यांपर्यंत पोहोचणे एवढेच बाकी आहे.

सामाजिक सुरक्षेच्या योजनांची स्थितीही तपासून पाहण्याजोगी आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेत केंद्राचा वाटा दरमहा 300 रुपयांचा असून त्यासाठी दारिद्र्यरेषेखालील कुटुंब आणि 80 टक्के दिव्यांगत्व अशा दोन्ही अटी आहेत. महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेने क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग अशा दुर्धर आजारांमुळे चरितार्थ चालवू न शकणाऱ्यांना पूर्वीच आपल्या कक्षेत घेतले आहे, आणि आजारानेही माणूस निराधार होतो हे मान्य करण्यात हे राज्य केंद्राच्या पुढे आहे. परंतु अशा रुग्णासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21,000 रुपये, म्हणजे महिन्याला 1,750 रुपये असल्याने, घरात एक जण जरी मजुरीला जात असला तरी अर्ज बाद होण्याची शक्यता असते. संघटित कामगारांसाठी कर्मचारी राज्य विमा योजनेत 34 दीर्घकालीन आजारांची यादी आहे आणि त्यांपैकी एखादा जडल्यास वाढीव मुदतीचा आजारपण लाभ मिळतो. त्या यादीत हृदयविकार आणि मूत्रपिंडाचे विकार आहेत, स्लीप अ‍ॅप्निया नाही.

अशा दीर्घकालीन आजारांचा दिव्यांगत्वाच्या मूल्यमापनात विचार व्हावा, या मागणीवर दोन आक्षेप घेतले जातील आणि ते दोन्ही गंभीरपणे विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला आक्षेप असा की, घोरणाऱ्या प्रत्येकाला दाखला द्यायचा ठरवला तर खऱ्या गरजवंतांचा वाटा आटेल. हा आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच स्लीप अ‍ॅप्निया हे नाव अनुसूचीत घालावे अशी सरसकट मागणी येथे केलेली नाही. सौम्य आजार असलेल्या किंवा उपचाराने पूर्ण बरे वाटणाऱ्या माणसाला उपचार हवे असतात, दाखला नको असतो. अमेरिकेचा अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे. तेथे माजी सैनिकांच्या विभागाने श्वसनाचे यंत्र लागते एवढ्याच आधारावर 50 टक्के दर्जा देण्याची पद्धत ठेवली, आणि पुढे 2022 मध्ये त्याच विभागाने उपचारानंतर उरणाऱ्या त्रासावर दर्जा ठरवण्याचा प्रस्ताव मांडला. त्याच देशाच्या सामाजिक सुरक्षा प्रशासनाने 2016 मध्ये श्वसनविकारांचे निकष सुधारताना झोपेच्या श्वसनविकारांची स्वतंत्र नोंद वगळली, पण दावा करण्याचा मार्ग बंद केला नाही. तेथे निदान बारा महिने टिकणाऱ्या सर्व आजारांचा एकत्र परिणाम पाहून माणूस किती वेळ बसू, उभा राहू, लक्ष एकाग्र करू आणि नियमित हजर राहू शकतो, याचा हिशेब केला जातो. ती यंत्रणा कठोर आहे आणि तिच्यातील अपिले लांबतात, हे खरे. तरी तिने विचारलेला प्रश्न योग्य आहे.

दुसरा आक्षेप असा की, हा आजार बरा होण्याजोगा असताना त्याला दिव्यांगत्व का म्हणावे? याचे उत्तर असे की, आजार आटोक्यात राहणे हे उपचार अखंड मिळण्यावर अवलंबून असते, आणि ज्याला ते मिळत नाहीत त्याला वैद्यकशास्त्रात उपाय आहे एवढ्यानेच दिवसा जागे राहता येत नाही. ब्रिटनमध्ये अतिनिद्रेसह मध्यम किंवा तीव्र स्लीप अ‍ॅप्निया असलेल्या चालकाला ती बाब परवाना यंत्रणेला कळवावी लागते, लक्षणे आटोक्यात येईपर्यंत वाहन चालवता येत नाही, आणि उपचाराने ती आली की पुन्हा चालवता येते. आपल्याकडे मात्र घाटातून रात्रीची गाडी नेणाऱ्या चालकाला आजार उघड केला तर काम जाण्याची भीती वाटते, म्हणून तो तपासणीच टाळतो. त्याचे नुकसान होतेच, शिवाय गाडीतील प्रवाशांचा जीवही टांगणीला लागतो. अधिनियमाच्या कलम 20 नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेने कामावरून कमी करू नये, त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे, असे संरक्षण आहे. पण दाखलाच मिळत नसेल तर हे कलम त्याच्यासाठी कागदावरच राहते.

या सर्व विवेचनाच्या आधारे आपल्या मंत्रालयाकडे आणि राज्य शासनाकडे पुढील पाच मागण्या आहेत.

पहिली, कलम 2 मधील मूळ व्याख्येत बसणाऱ्या दीर्घकालीन आजारांच्या रुग्णांना, 40 टक्क्यांच्या दाखल्याची अट न घालता, वाजवी समायोजनाचा हक्क आहे, असे परिपत्रक सर्व आस्थापनांना पाठवावे. ठरलेली दिवसपाळी, रात्रपाळीतून सूट, दुपारी थोड्या विश्रांतीची मुभा आणि फिरतीवर यंत्र नेण्याची सोय यांसाठी आस्थापनेला फार खर्च येत नाही.

दुसरी, अनुसूचीत नसलेल्या आजारांमुळे अनुसूचीतील दिव्यांगत्वात जी भर पडते ती एकत्रित मूल्यमापनात धरता यावी, अशी दुरुस्ती मार्गदर्शक सूचनांत करावी. त्यासाठी निदानाचा आकडा पुरेसा मानू नये. एक वर्ष नियमित उपचारानंतर उरलेली अतिनिद्रा, एकाग्रता, श्रम सहन करण्याची ताकद आणि हजेरी यांची तपासणी ठरावीक नमुन्यात व्हावी, दाखला मुदतीचा असावा आणि मुदतीनंतर फेरतपासणी व्हावी.

तिसरी, अनुसूचीत नवे प्रकार अधिसूचित करण्याचा केंद्र सरकारला जो अधिकार आहे, त्याचा वापर हृदय, फुफ्फुस आणि मूत्रपिंड यांच्या अंतिम टप्प्यातील आजारांसाठी करण्याचा विचार तज्ज्ञ समितीमार्फत व्हावा, आणि त्या समितीवर रुग्णांचे प्रतिनिधीही असावेत.

चौथी, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात घरी नेता येणाऱ्या झोपतपासणीच्या उपकरणांची सोय करावी आणि सीपॅप यंत्रे उसनी देणारी पेढी सुरू करावी, जेणेकरून यंत्र मानवते की नाही हे कर्ज न काढता रुग्णाला पाहता येईल. मास्क बसवून देणारा आणि पहिले काही आठवडे पाठपुरावा करणारा तंत्रज्ञ तेथे असणे यंत्राइतकेच आवश्यक आहे.

पाचवी, राज्य शासनाने निराधार अनुदान योजनेतील आजारी व्यक्तींसाठीची उत्पन्नमर्यादा आजच्या मजुरीच्या दरांशी सुसंगत करावी, आणि श्रम मंत्रालयाशी समन्वय साधून कर्मचारी राज्य विमा योजनेतील आजारांच्या यादीचा फेरविचार करावा. एसटी आणि मालवाहतुकीच्या चालकांसाठी तपासणी सक्तीची करायची असेल, तर उपचाराच्या काळातील वेतनाची हमी तिच्याआधी जाहीर व्हावी.

महोदय, या पाच मागण्यांपैकी पहिलीसाठी नव्या कायद्याची आणि मोठ्या निधीची गरज नाही. संसदेने 2016 मध्ये केलेली व्याख्या आणि सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये लावलेला तिचा अर्थ आस्थापनांपर्यंत पोहोचवणे एवढेच काम त्यात आहे. ते परिपत्रक आपल्या मंत्रालयाने येत्या 3 डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनाच्या, आत काढावे आणि उरलेल्या चार मागण्यांसाठी मुदत ठरवून समिती नेमावी, अशी आग्रहाची विनंती आहे.

कळावे.